नास्तिकाच्या घरातले तेरा दिवस

कृष्णाकाठ

देव आहे की नाही यावर येथे अनेकदा वाद झाले आहेत आणि त्यांत मीही हिरिरीने भाग घेतलेला आहे. हा धागा त्या वादासाठी नाही. देव नाही असे ज्याने स्वतःपुरते ठरवून टाकले आहे, त्याच्या घरातले माणूस गेल्यावर पुढचे तेरा दिवस त्याने कसे काढावेत, एवढेच मला विचारायचे आहे. त्यासाठी घरची हकीगत सांगणे भाग आहे.

गेल्या श्रावणात आमचे आबा गेले. वय 81. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावी त्यांनी उभी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात घालवली. ते नास्तिक होते, पण त्याचा डांगोरा त्यांनी कधी पिटला नाही. आईच्या देवघराच्या फळ्या त्यांनीच रंधा मारून ठोकून दिल्या होत्या, त्यासमोर हात मात्र कधी जोडले नाहीत. आजोबांचे श्राद्ध ते घालत नसत. त्या तिथीला शाळेतल्या एखाद्या मुलाची परीक्षा फी भरत आणि घरी येऊन नेहमीसारखे जेवत. अंगणात त्यांनी एक पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजून वहीत लिहायचे, हा त्यांचा एकमेव नित्यनेम होता. आई त्याला ‘यांची पूजा’ म्हणत असे. 2019 च्या महापुरात आम्हाला घर सोडावे लागले तेव्हा आईने देव पिशवीत घेतले आणि आबांनी वही काखेत मारली.

देहदानाचा अर्ज त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच भरून ठेवला होता आणि आम्हा दोघा भावंडांच्या त्यावर सह्या होत्या. पहाटे ते गेले, तासाभरात मी वैद्यकीय महाविद्यालयाला फोन केला. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचे निदान झाले होते, ते मी प्रामाणिकपणे सांगितले, आणि पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने सांगितले की असा देह स्वीकारता येत नाही. पंधरा वर्षे ज्याला आम्ही आबांचा शेवटचा निर्णय समजत होतो तो दोन मिनिटांत निकालात निघाला, आणि पुढे काय करायचे याची आमच्यापाशी कसलीच तयारी नव्हती. आस्तिकाच्या घरी अशा वेळी कोणाला काही सुचावे लागत नाही. भावकीतली जाणती माणसे येतात, बांबू येतो, मडके येते, आणि ज्याचा बाप गेला आहे त्याला फक्त सांगतील तसे करायचे असते.

गावात विद्युतदाहिनी नाही, त्यामुळे गावच्याच स्मशानात लाकडांवर दहन केले. मंत्र नव्हते. मडके मी घेतले नाही, तेव्हा चुलत्यांनी ते काही न बोलता बाजूला ठेवून दिले. घरी आलो तर शेजारच्या काकू कडू घास घेऊन बसल्या होत्या. पिठले आणि भाकरी. सुतक मी मानत नाही, परंतु ज्या घरी चूल पेटलेली नाही त्या घरी शेजाऱ्याने अन्न आणून समोर बसून खायला लावायचे, या रीतीला नाही म्हणण्यासारखे मला काहीही सापडले नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन नदीत न करता शेताच्या बांधाजवळ खड्डा घेऊन त्यात रक्षा टाकली आणि वर आंब्याचे रोप लावले.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “त्यांचं सगळं त्यांच्या मनासारखं केलंत, बरं झालं. आता दहावा माझ्या मनासारखा करा.”

मी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. दहाव्याला मामांनी घाटावर पिंड ठेवला, मी वरच्या पायरीवर छत्री धरून उभा होतो. पाऊस लागला होता, कावळा येईना. गुरुजींनी सवयीने सांगितले की कोणाला काही शब्द द्यायचा असेल तर द्या. बहिणीने आईला सांभाळण्याचा शब्द दिला, चुलत्यांनी बांधाचा जुना वाद मिटवण्याचा दिला, आणि मामांनी आबांची पुस्तके रद्दीत जाणार नाहीत असे सांगितले. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला. परत येताना आई म्हणाली, “त्यांचा जीव कशात अडकणार? ते कशात अडकून राहणारे नव्हतेच.” कावळा न शिवल्याची रुखरुख तिला नव्हती; मला मात्र होती, आणि ती कसली हे मला आजही नीट सांगता येत नाही. पायरीवर उभा असताना मलाही काही बोलायचे होते. ते मी बोललो नाही, कारण ते कोणाला उद्देशून बोलायचे हे मला ठाऊक नव्हते.

माझ्या दृष्टीने नास्तिक असणे म्हणजे मृत्यूनंतर आबा कोठेही नाहीत हे मान्य करणे. ते मी मान्य केले आहे आणि त्यात डगमगलेलो नाही. स्वतःच्या मरणाचीही मला फारशी भीती वाटत नाही. अडचण आहे ती दुसऱ्याच्या मरणाची. पिंड आणि कावळा यांमागची समजूत खोटी आहे म्हणून मी ते टाकले, तर त्या तेरा दिवसांत हाताला जे काम मिळते, घरात माणसे येतात, चुलते बांधाचा वाद सोडतात, त्याच्या जागी माझ्याकडे काय आहे? आपल्यापैकी ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

आडवाट

आपल्या वडिलांविषयी वाचून आदर वाटला. विषय आपण मांडलाच आहे तर ‘नास्तिक’ या शब्दाविषयी थोडे लिहितो. तो आपल्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

आज आपण ईश्वर न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो, पण जुन्या शास्त्रकारांच्या लेखी हा अर्थ मुख्य नव्हता. मनुस्मृती वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणते. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिक दर्शनांत बसले, आणि बौद्ध, जैन, चार्वाक बाहेर राहिले. पाणिनीच्या सूत्रावरील टीकाकारांनी तर ‘परलोक आहे’ असे मानणारा तो आस्तिक आणि ‘नाही’ म्हणणारा तो नास्तिक, असा अर्थ लावला आहे. या शेवटच्या अर्थाने पाहिले तर आपला प्रश्न नास्तिकतेच्या कडेचा नव्हे, गाभ्याचा ठरतो. ती मुळात मरणाविषयीचीच भूमिका आहे.

चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ उरलेले नाहीत. त्यांचे म्हणणे विरोधकांनी जेवढे नोंदवले तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचले. ‘ऋण काढून तूप प्या’ ही ओळ सर्वांना पाठ असते. ज्या सर्वदर्शनसंग्रहामुळे, म्हणजे माधवाचार्यांच्या 14 व्या शतकातल्या ग्रंथामुळे, ती प्रसिद्ध झाली त्याच ग्रंथात चार्वाक प्रकरणाच्या आरंभी हाच श्लोक तुपाशिवाय येतो. तेथे दुसऱ्या चरणात ‘मृत्यूच्या टप्प्याबाहेर काहीही नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत. एका गंभीर वाक्याच्या जागी चेष्टेचे वाक्य कसे बसले असावे याची कल्पना आपण करू शकतो. लोकांच्या लक्षात तूप राहिले.

त्याच प्रकरणात श्राद्धावरचा त्यांचा युक्तिवाद आहे. श्राद्धाने मेलेल्यांची तृप्ती होत असेल, तर प्रवासाला निघालेल्यास शिदोरी बांधून देणे व्यर्थ आहे, घरी बसून त्याच्या नावाने जेवण वाढले म्हणजे झाले. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. परंतु आपली हकीगत वाचताना लक्षात आले की त्यात एक जागा रिकामी आहे. शिदोरी बांधणाऱ्याचे काय? ज्याचे माणूस दूर गेले आहे त्याला त्याच्यासाठी काहीतरी बांधावेसे वाटते, आणि ते पोहोचणार नाही हे ठाऊक असूनही वाटते. चार्वाकांनी याचे काय उत्तर दिले असते हे कळायला मार्ग नाही.

चौथा_कोपरा

मी आस्तिक आहे, वारीला जातो, तरीही लिहितो. धागाकर्त्यांना राग येणार नाही अशी आशा आहे.

आपण कडू घास घेतला आणि पिंड नाकारला. रूढीतले गोड ते ठेवायचे आणि बाकीचे टाकायचे अशी ही निवड दिसते. माझे म्हणणे असे की हे सगळे एकाच विणीचे वस्त्र आहे. काकू भाकरी घेऊन आल्या त्या सुतक मानतात म्हणून आल्या. चुलत्यांनी बांधाचा वाद सोडला तो कावळ्याला शब्द दिला म्हणून सोडला. बैठक घेऊन सोडला असता काय? आपण पायरीवर उभे राहून ज्याचा लाभ घेतला ते दुसऱ्यांच्या श्रद्धेने उभे केलेले होते. दोन पिढ्यांनी सगळेच आपल्यासारखे झाले तर घाटावर कोणी नसेल आणि दारात भाकरीही येणार नाही.

दुसरे, श्रद्धावानाला मरणाची भीती वाटत नाही असे कोणी समजू नये, आणि भीती वाटते म्हणून तो श्रद्धावान होतो असेही समजू नये. माझी आई हरिपाठ म्हणत गेली आणि तरीही शेवटचे आठ दिवस घाबरलेली होती. त्याचबरोबर हेही खरे की अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी अनेक नास्तिकांचे हात जोडलेले पाहिले आहेत.

कृष्णाकाठ

राग येण्याचे कारण नाही. आपला पहिला मुद्दा मला चार दिवस छळत होता. त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणतो की 2019 च्या पुरात त्याच काकूंनी सुतक नसताना आम्हाला भाकरी बांधून दिल्या होत्या, आणि आम्ही ज्या घरी उतरलो ते कुटुंब आमच्या धर्माचेही नव्हते. भाकरीचे मूळ सुतकात असेल असे मला वाटत नाही. सुतकाने तिला वेळापत्रक दिले, हे मात्र मान्य करायला हवे, आणि वेळापत्रक ही लहान गोष्ट नव्हे. बांधाच्या वादाबाबत मी निरुत्तर आहे.

बाकावरच्या जोडलेल्या हातांविषयी मात्र थोडे लिहितो. संकटात माणूस काय करतो यावरून त्याला शांतपणी काय खरे वाटते हे ठरत नाही. आणि दुसऱ्या बाजूची साक्षही आहेच. भगतसिंगांनी ऑक्टोबर 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात, फाशीची शिक्षा ठोठावली गेली त्याच महिन्यात, आपण नास्तिक का आहोत हे लिहून ठेवले. शेवटचे दिवस आले की तूही देव मानू लागशील असे त्यांना एका स्नेह्याने म्हटले होते, आणि तसे करणे आपण अधःपतन समजू असे उत्तर त्यांनी दिले. गळ्यात दोर पडेल तो आपला शेवटचा क्षण, त्यापुढे काहीही नाही, हे त्यांनी स्वच्छ मांडले आहे. 23 मार्च 1931 रोजी त्यांना फाशी झाली तेव्हा त्यांचे वय 23 होते. माझे आबा काही भगतसिंग नव्हते. शेवटच्या आठवड्यात तेही घाबरले होते आणि रात्री दिवा चालू ठेवायला सांगत. देवाचे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांनी घेतले असते तरी मी त्याला त्यांचा पराभव म्हटले नसते.

दवणा

या चर्चेत आतापर्यंत पुरुषच बोलत आहेत असे दिसते, म्हणून लिहिते.

माझे पती सात वर्षांपूर्वी गेले. आम्ही दोघेही नास्तिक, लग्नही नोंदणी पद्धतीने केलेले. कृष्णाकाठ यांना पायरीवर छत्री धरून उभे राहता आले, कारण विधी टाकणारा पुरुष फार तर हेकट ठरतो. बाई विधी टाकते तेव्हा तिचे गेलेल्या माणसावर प्रेम नव्हते असा अर्थ काढला जातो. माझ्या बांगड्या फोडायला दोन नातेवाईक बायका आल्या होत्या. त्या दुष्ट नव्हत्या, रडत होत्या. मी नको म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

म्हणून ‘तेरा दिवसांत हाताला काम मिळते’ हे वाक्य वाचून मी थांबले. कोणाच्या हाताला आणि कोणते काम, हे पाहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठराव करणारे काही नास्तिक नव्हते. रूढी बदलायला देव सोडावा लागत नाही, हे चौथा कोपरा यांच्या एकसंध वस्त्राला माझे उत्तर. ते वस्त्र अनेक ठिकाणी उसवून पुन्हा शिवलेले आहे.

तरीही आपल्या मूळ प्रश्नाला मी टाळत नाही. मी काय केले ते सांगते. दहाव्या दिवशी मी त्यांच्या मित्रांना घरी बोलावले आणि प्रत्येकाला त्यांची एक वस्तू निवडून घेऊन जायला सांगितले, अट एवढीच की ती वस्तू का निवडली हे सर्वांसमोर सांगायचे. एकाने त्यांचा गंजलेला पाना घेतला. त्या पान्याची गोष्ट मला वीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हती. सासूबाईंनी त्याच दिवशी देवळात अभिषेक केला, मी त्यांना गाडीने नेऊन सोडले आणि बाहेर थांबले. आपण पायरीवर उभे राहिलात यात काहीही गैर नाही. फक्त आपल्या आईंनीही तुमच्यासाठी असेच कोठेतरी उभे राहून घेतले असेल, ते शोधून पाहा.

हाडाचा_मास्तर

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. देहदानाविषयी सांगतो, कारण या बाबतीत अर्ज भरून निश्चिंत झालेली अनेक कुटुंबे अगदी ऐन वेळी अडचणीत येतात.

देहदानाचा अर्ज ही इच्छेची नोंद असते. प्रत्यक्षात देह सुपूर्द करण्याचा निर्णय मृत्यूनंतर जवळचे नातेवाईकच घेतात आणि त्यांनी नकार दिला तर आम्ही काही करू शकत नाही. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत, कारण रक्तवाहिन्यांतून फॉर्मलिनचे द्रावण भरून देह टिकवावा लागतो आणि कापलेल्या वाहिन्यांतून ते सगळीकडे पोहोचत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस यांसारखे संसर्ग असल्यास विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी नकार दिला जातो. मृत्यूनंतर देह शक्य तितक्या लवकर पोहोचला पाहिजे आणि सोबत डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हवा. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत करता येते आणि डोळे दिले म्हणून देहदान अडत नाही. सबब घरात पहिला पर्याय लिहून ठेवताना, तो फसला तर दुसरा कोणता, हेही लिहून ठेवावे. जमल्यास त्या दुसऱ्या पर्यायावर घरात भांडून घ्यावे. ते भांडण आधी झालेले बरे.

आपल्या वडिलांचा निर्णय निकालात निघाला असे आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आठवली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीही देहदानाचा संकल्प केला होता. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, शवविच्छेदन अपरिहार्य ठरले आणि देहदान होऊ शकले नाही. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना दहन झाले, अग्नी त्यांच्या मुलीने दिला आणि रक्षा शेतात विखुरली गेली. त्यांच्या मुलाचे नाव त्यांनी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंवरून ठेवले होते, आणि दलवाईंनीही 1977 मध्ये मरताना आपल्या देहाचे दफन नको, दहन करावे आणि कोणताही धार्मिक विधी करू नये असे सांगून ठेवले होते. विशेष म्हणजे देव आहे की नाही या वादात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने पडू नये, असे दाभोलकरांचे कटाक्षाने सांगणे असे.

माझ्या विद्यार्थ्यांची पहिल्या वर्षाची सुरुवात देहासमोर उभे राहून घेतलेल्या शपथेने होते. त्यांतले बहुतेक जण आस्तिक असतात आणि काही नमस्कारही करतात. ते कोणाला नमस्कार करतात असे मी विचारत नाही.

दप्तरी

न्यायालयात कारकुनी केली असल्याने कायद्याची बाजू थोडक्यात देतो. नास्तिकाला लग्नासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. शपथ घेताना ईश्वराचे नाव न घेता ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करता येते. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार व्यक्तीला आहे आणि सरकारी यंत्रणा तिच्यावर धर्म नोंदवण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांवर जगवत ठेवू नये असे वैद्यकीय इच्छापत्र करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. मी केले आहे. मृत्यूनंतर मात्र कायद्याकडे देण्यासारखे फक्त प्रमाणपत्र असते. रडण्यासाठी नमुना अर्ज अजून निघालेला नाही.

धुक्यातला_गाव

मी एडिंबरोत राहतो. आमच्या इमारतीतले एक वृद्ध शेजारी गेल्या हिवाळ्यात गेले, त्यांचा अंत्यविधी मानवतावादी पद्धतीचा होता. स्कॉटलंडमध्ये हे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा पद्धतीच्या लग्नांना तर 2005 पासून कायदेशीर मान्यता आहे. विधी चालवणाऱ्या बाईंनी आधी दोन दिवस घरच्यांशी बोलून टिपणे काढली होती. त्यांनी गेलेल्या शेजाऱ्यांचे आयुष्य पाऊण तासात सांगितले, त्यांत त्यांचा तिरसटपणाही सांगितला, दोन गाणी झाली आणि शेवटी काही मिनिटे सर्व जण गप्प बसले. सगळे अतिशय नेटके होते. तरीही खरे सांगायचे तर मला तेथे काहीतरी कमी पडले असे वाटले. नंतर लक्षात आले की कमी पडले ते दिवस. पाऊण तासानंतर सर्व जण आपापल्या घरी गेले आणि त्यांची पत्नी संध्याकाळी एकटी होती. आपल्याकडचा दुखवटा कितीही त्रासदायक असला तरी तो लांबतो, आणि मला वाटते दुःखाला लांबीच हवी असते. दुसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको पोहे घेऊन त्यांच्याकडे गेलो. चार दिवस जात राहिलो. त्यांना ते विचित्र वाटले असावे.

याच शहरात डेव्हिड ह्यूम हा तत्त्वज्ञ 25 ऑगस्ट 1776 रोजी वारला. ज्याला धर्माविषयी शंका आहे तो मरताना नक्की कसा वागतो याची तेव्हा साऱ्या गावाला उत्सुकता होती. त्याआधी काही आठवडे जेम्स बॉस्वेल हा लेखक त्याला भेटायला गेला आणि मेल्यावर आपण नसू या विचाराने बेचैन होत नाही का असे त्याने विचारले. जन्मापूर्वी आपण नव्हतो याने जितकी बेचैनी होते तितकीच, म्हणजे मुळीच नाही, अशा अर्थाचे उत्तर ह्यूमने दिले. त्या भेटीने बेचैन झाला तो बॉस्वेल. काल्टन टेकडीजवळ ह्यूमची कबर आहे, तेथून मी बरेचदा जातो. पण कृष्णाकाठ म्हणतात ते खरे आहे, ह्यूमचे उत्तर स्वतःच्या मरणापुरतेच पुरते. जन्मापूर्वीच्या आपल्या नसण्याची आठवण कोणालाच नसते, गेलेल्या माणसाच्या असण्याची आठवण मात्र मागे राहणाऱ्यांना असते.

आडवाट

वरच्या प्रतिसादाला जोडून एक भर. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर 1895 च्या जूनमध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्या विचारांवर चिडलेल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली होती, म्हणजे स्वतःची प्रेतयात्रा पाहणारा हा विरळा माणूस. आणि ते खरोखर गेले तेव्हा त्यांच्या उशापाशी दहनाच्या खर्चासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या पैशांची पुडी सापडली, असे त्यांचे चरित्र सांगणारे सांगतात. परलोकाविषयी साशंक असलेल्या माणसाने मरणाची केलेली ही तयारी मला ह्यूमच्या उत्तरापेक्षा जवळची वाटते. त्यात मागे राहणाऱ्या बायकोचा विचार आहे.

चौथा_कोपरा

दवणा यांचे उत्तर पटले, बांगड्यांच्या बाबतीत पूर्णपणे. वस्त्र उसवते आणि शिवले जाते हेही मान्य. शिवणारे हात कोठून येतील याची चिंता मात्र मी सोडणार नाही. धुक्यातला गाव यांचे पोहे वाचून ती थोडी कमी झाली.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. आईने या वेळी मला काही करायला सांगितलेले नाही, मामाच करतील. मी आबांची पद्धत चालू ठेवून शाळेत दोन मुलांची फी भरणार आहे आणि वैद्यकीय इच्छापत्राचा मसुदा दप्तरी यांच्या सांगण्याप्रमाणे बायकोपुढे ठेवला आहे. दुसऱ्या पर्यायावर आमचे भांडणही सुरू झाले आहे.

दवणा यांनी लिहिले होते की आईही तुमच्यासाठी कोठेतरी उभी राहिली असेल, ते शोधा. मी त्या वाक्याकडे तितकेसे लक्ष दिले नव्हते. मागच्या रविवारी आबांची पावसाची वही काढली, यंदाच्या नोंदी सुरू करायच्या होत्या. मला खात्री होती की त्यांच्या शेवटच्या नोंदीनंतर पाने कोरी असतील, कारण त्या गडबडीत पर्जन्यमापकाकडे पाहायची आठवण कोणाला राहिली असणार? पाने कोरी नव्हती. ते गेले त्या सकाळपासून पावसाळा संपेपर्यंत रोजची नोंद आहे, अक्षर आईचे. तिने चौथीनंतर शाळा पाहिलेली नाही, दशांश चिन्ह ती आकड्याच्या वर देते. ते गेले त्या दिवशी साडेआठला मी फोनवर होतो आणि अंगण माणसांनी भरलेले होते, तरी त्या दिवशीची नोंद आहे, 6 मिलिमीटर. दहाव्याच्या दिवशी आम्ही घाटावर निघण्यापूर्वी तिने 14 लिहिले आहेत.

मी तिला विचारले की हे कधी केलेस. ती म्हणाली, “यांची पूजा चुकवायची कशी?” मग तिने मला सांगितले की पर्जन्यमापकाचा नरसाळ्याचा भाग डावीकडे कलला आहे, तो सरळ करून घ्यायला हवा, नाहीतर आकडे कमी येतील.